आमचो सुर्यो टीव्हीर

दशावतारी कंपनीत माझ्यासारखा पेटीवाला सगळ्यांच्या मधोमध बसतो, त्यामुळे किस्से आपोआप त्याच्या पदरात पडतात. मी तर विसरीन म्हटलं तरी विसरू देत नाहीत लोक. पण अख्ख्या गावात मिळून एकच टीव्ही होता, तेव्हाचे हे किस्से मी कोणी न विचारताच सांगतो!

कणकवलीजवळच्या एका जत्रेत मुंबईचे एक टीव्हीवाले साहेब आमचा खेळ बघायला आले. धोंडू यशोदा झाला होता, आणि त्याचाच आठ वर्षांचा झील, म्हणजे मुलगा, सुर्यो कृष्ण. आमच्यात बायकांची कामं पुरुषच करतात, आणि धोंडूसारखा स्त्रीपार्टी उभ्या सिंधुदुर्गात नाही, हे मी छातीठोक सांगतो!

साहेब म्हणाले, "अतिहुशार मुलगा आणि त्याच्यापुढे तारांबळ उडणारे घरचे, असा विनोदी भाग करतोय. हा मुलगा मला हवा. आणि घरचेही तुम्हीच!"

झालं! मालक अण्णांनी सावंतवाडीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

*

स्टुडिओत पाऊल टाकल्या टाकल्या अण्णांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या कॅमेऱ्यार कोणाची वाकडी नजर आसात तर ती दूर कर रे म्हाराजा!"

आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

साहेबांनी हात जोडले. मग शूटिंग सुरू करताना खणखणीत आवाजात म्हणाले, "आता कोणीही तोंडातून आवाज काढायचा नाही!"

आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!"

*

आमच्या खेळाला लिहिलेली वाक्यं नसतात. उभं राहायचं आणि सुचेल ते बोलायचं. आजोबांच्या कामात अण्णांनी असं काही वाक्य टाकलं की लाइटवाले हसले.

"छान! पुन्हा एकदा," साहेब म्हणाले.

अण्णांनी दुसरंच टाकलं. मग तिसरं. साहेब रडकुंडीला आले. "अहो अण्णा, तेच वाक्य म्हणा ना!"

अण्णा भडकले. "तां सांगून झाला मां? परत तांच म्हटलंय तर लोक म्हणतले, म्हाताऱ्याक दुसरा कायच येणा नाय!"

*

सुर्याचं मात्र उलट. साहेबांनी विचारलं, "बाळ, तुझी वाक्यं पाठ आहेत?"

"सगळ्यांची आसत."

"सगळ्यांची म्हणजे?"

सुर्यो कमरेवर हात ठेवून, थेट साहेबांच्या आवाजात गरजला, "अरे, तो पंखा बंद करा आधी!"

आणि कोपऱ्यातल्या माणसाने पंखा बंद केला की हो!

*

आता शेवटचा प्रसंग. पोरगा बापाला प्रश्न विचारतो, बाप निरुत्तर होतो, भाग संपला. एवढंच! पण दशावतारात जो गप्प बसला तो मेला.

सुर्यो विचारी, "बाबा, आकाश निळा कित्याक?"

धोंडू ताडकन, "देवान धोतराक घालूची नीळ सांडल्यान!"

"कट! धोंडू, गप्प राहायचंय!"

पुन्हा प्रश्न. धोंडूने आता आईवर ढकललं, "आवशीक विचार. आभाळाच्या लुगड्याचो रंग तिनाच पसंत केल्यान!"

"कट! अहो, तुम्हाला उत्तर सुचत नाही, हेच दाखवायचंय!"

"टीव्हीर? सगळ्या महाराष्ट्राक?" धोंडू हादरलाच. पण कॅमेरा सुरू झाला की तोंड काही आवरेना. सवयच तशी!

पुढच्या कार्यक्रमाची मंडळी स्टुडिओच्या दारात येऊन थांबली होती. साहेबांनी घड्याळ बघितलं. "शेवटचा प्रयत्न. नाही जमलं, तर भाग रद्द. सगळं दुसऱ्यांकडून नव्याने करून घ्यावं लागेल."

अण्णांचा चेहरा उतरला. आमचा सुर्यो टीव्हीत दिसणारच नाही? असला पोरगा?

कॅमेरा सुरू झाला. सुर्यो बापासमोर उभा राहिला. आकाशाचं नावच नाही!

"बाबा, खेळात तू माझी आवस होतंस, तेव्हा माका पोटाशी धरतंस. घराकडे कित्याक धरणस नाय?"

धोंडूचं तोंड उघडलं. शब्द फुटेना. तो नुसता पोराकडे बघत राहिला. मला समोरचं दिसेनासं झालं. अण्णांनी उपरणं डोळ्यांना लावलं. साहेब कट म्हणायचंच विसरले, मग कधीतरी म्हणाले, "कट."

सुर्यो गर्रकन वळला.

"सायबानू, बापूस गप रवलो. घेतलात मां?"