बाकावरचे मंगळवार

आबा गेले, आणि मला रडूच येत नाहीये. नुसता थकवा आलाय.

ते डॉक्टर. जळगावात मेहरूणच्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना. गरमी-परम्याचा, म्हणजे गुप्तरोगांचा. रोगाचं नाव कुणी घेत नसे. "आबांकडे जातो" एवढंच.

मी प्रिन्सिपलशी भांडून इंटरला कॉलेज सोडलेलं. आबांनी ट्रेनिंगला घेतलं. कंपाउंडर, नर्सबाई, सुईणी, सगळ्यांना ते हे काम शिकवत.

त्यांचा नियम एकच. सुई हातात घेण्याआधी महिनाभर बाहेरच्या बाकावर पेशंटांत बसायचं. आपण शिकाऊ आहोत हे कुणाला सांगायचं नाही.

"रोग मी शिकवीन. जाणारे-येणारे कसे बघतात, ते तिथे बसून बघ."

बारा दिवस बसलो. तेराव्या दिवशी समोरून नाना आले. जिच्याशी माझं लग्न ठरायच्या बेतात होतं, तिचे वडील.

थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

मी उठून ओरडलो, "नाना, मी यांच्यातला नाही. मी इथे शिकायला येतो."

नाना हसले. माझा जीव भांड्यात पडला.

वळून पाहिलं तर शेजारची जागा रिकामी. बोदवडची बाई, चार महिन्यांची पोटुशी, निघून गेलेली. तिची इंजेक्शनं अर्ध्यात होती.

आबा चिडले नाहीत. चिडले असते तर भांडलो तरी असतो.

"पोटातल्या जिवाला लागण होईल रे. जा, बाजारात गाठ तिला. तिच्या घराकडे फिरकू नकोस."

बोदवडच्या बाजारात ती वांगी विकत होती. हळूच माफी मागितली. तिनं मान वर केली नाही.

"तुले त रोग नाही ना भाऊ? तूच बोलला. मंग तुले काय जातं?"

दोन गिऱ्हाइकं केली. मग म्हणाली, "तठी बाकावर बाजूले बसशीन का? कोनी इचारलं त गप?"

हो म्हणालो.

दर मंगळवारी ती इंजेक्शनाला गाडीनं यायची. मी शेजारी बसायचो.

तिसऱ्या मंगळवारी नाना पुन्हा थांबले. "काय रे, शिकून झालं नाही अजून?"

बाई पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

"औषधाला आलोय नाना," मी म्हणालो.

आठवड्यात निरोप आला. बोलणी मोडली.

मी आबांवर तुटून पडलो. "तुम्ही एकदा जाऊन खरं सांगा त्यांना."

"सांगतो. मग ती बाई येईल पुढच्या मंगळवारी?"

दार आपटून निघालो. मंगळवारी बाकावर होतो.

बाईला मुलगी झाली. धडधाकट.

नानांच्या मुलीचं लग्न पिंपळनेरला लागलं. त्याबद्दल आबांना पुरतं माफ केलेलं नाही, आजही नाही.

आज स्मशानात माणसं थोडीच होती. ज्यांना आबांनी बरं केलं, ते येणार कसे? कुणी बघितलं तर?

एका ओळखीच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टरांचे कोण?"

"पेशंट," मी म्हणालो.

ते दोन पावलं मागे सरकले.

आबा, माझा शेवटचा नमस्कार घ्या.