इंदूबाईंची छाटणी

चार बायका आडावर जमल्या की घागरीआधी किस्सेच भरतात. तुळजापूरला कचेरीच्या चाळीत आमचंही तसंच होतं. त्यातले गुलाबाचे किस्से मी अजून रंगवून सांगते. फक्त शेवटचा सांगताना मान वर होत नाही.

राज्य बदललं तशी पुण्याकडची माणसं बदलीवर आली. त्यातल्या एका साहेबांनी जाताना कलमी गुलाबाच्या कुंड्या चाळीत सोडल्या. साहेबांची गाडी वळायच्या आत आम्ही एकेक कुंडी पळवली! पण गुलाब फुलवायचा कसा, हे एकट्या इंदूबाईंना ठाऊक. त्या मुलींच्या शाळेत मास्तरीण, कोपऱ्यातल्या खोलीत एकट्या राहायच्या.

आमच्या ह्यांना वाटलं, छाटणीत काय मोठंसं? पानाच्या डब्यातला अडकित्ता घेऊन बसले. फांद्या चेचल्या, बोटही चेचलं. इंदूबाई म्हणाल्या, "भाऊजी, ही सुपारी नव्हं." ह्यांनी आठवडाभर पानाला हात लावला नाही!

शेजारच्या गौराक्का अणदूरच्या, मनानं फार मऊ. इंदूबाईंनी छाटणीआधी झाडांची माती उकरून मुळांना ऊन दाखवलं होतं. गौराक्कांनी संध्याकाळी त्यावर गोधडी घातली. "उघडं लेकरू बघवंना, लई थंडी हाय," म्हणाल्या. इंदूबाईंनी गोधडी झटकून घडी केली आणि त्यांच्याच खांद्यावर टाकली.

माझ्या झाडाला एकदा बुंध्यातून हातभर फांदी फुटली. मी चाळभर मिरवलं. इंदूबाईंनी ती मुळापासून मोडली. मला रडूच फुटलं. "वैनी, ही कलमाखालची रानटी फांदी. हिला नुसता तोरा असतो," त्या म्हणाल्या. पुढं वर्षभर बायका मला तोरेवाली म्हणत होत्या!

दरसाल तुळशीचं लग्न लागलं की इंदूबाई सगळ्यांची झाडं छाटून द्यायच्या. म्हणजे बरोबर संक्रांतीला फुलं. आमच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या बाईला वाणाबरोबर टपोरा गुलाब मिळायचा. सगळ्यात मोठी फुलं इंदूबाईंच्या झाडाची, काटे काढून त्याच आणून द्यायच्या, दारातूनच. आत कुणी बोलावलं नाही. त्या विधवा होत्या. 'फुलं मात्र चालतात,' हे आमच्यातली एकही बाई मोठ्यानं म्हणाली नाही. मीही नाही.

एका वर्षी त्यांनी आमची झाडं वेळेवर छाटली, स्वतःचं तसंच ठेवलं. दत्तजयंती झाल्यावर त्याला कात्री लावली. आडावर आम्ही पोट धरून हसलो. मास्तरीणबाईंचं गणित चुकलं! संक्रांतीला त्यांच्या झाडावर नुसती कोवळी लाल पालवी. गौराक्कांनी विचारलंच, यंदा फुलं नाहीत का?

"येतील की," इंदूबाई म्हणाल्या. "रथसप्तमी होऊ द्या."

रथसप्तमीला हळदीकुंकू सरलं. वाणाचे डबे माळ्यावर गेले, आमची झाडंही फुलून रिकामी झाली. आणि एका सकाळी इंदूबाईंचं झाड लालभडक उमललं.

इंदूबाई शाळेला निघाल्या. पांढरं लुगडं, हातात छत्री, आणि अंबाड्यात गुलाब. चाळीतल्या बायका दारादारांत थिजल्या. त्या चालत माझ्या दारापाशी आल्या, थांबल्या, पाठ वळवली.

"वैनी, मागचं दिसत न्हाय. नीट बसलंय का बघा."

फूल जरा कललं होतं. हात लांबवला असता तर पोचला असता.

"बसलंय," मी म्हणाले, उंबऱ्याच्या आतूनच.