कारंजेकाका आणि एक धार

"कुणी सोडलं? टाकीतलं पाणी कुणी सोडलं? सत्यानाश हो गया!"

कारंजेकाका रावसाहेबांच्या गच्चीवरून ओरडत होते. लष्कर पेठेतली ती आरोळी ऐकून ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची वटवाघळं भरदिवसा उडाली, हे मी स्वतः पाहिलं. मी रावसाहेबांच्या पदरी कारकून. खोटं लिहायचं ते फक्त कचेरीत.

काका जन्माचे धास्तावलेले. पाणी पिण्याआधी तांब्या गळतोय का बघणार. बागेतल्या नळाला कान लावून तासन्‌तास आडवे पडत. एकदा लोकांनी मेले समजून तिरडीचे बांबू आणले, तेव्हा न उठताच म्हणाले, "हळू बोला, आत हवा अडकलीय."

पण कारंजं बांधावं काकांनीच. तेव्हा जिकडेतिकडे सिंह, मासे आणि शंख फुंकणाऱ्या पऱ्या यांची चलती. काकांचं कारंजं म्हणजे साध्या दगडाची गोल थाळी, काठोकाठ पाणी आणि मधोमध एकच धार. भोवती हिरवळ, दोन मोगरे. बस्स. "पाण्याला नाचवू नका, रावसाहेब. नुसतं उभं राहू द्या. तेवढ्यानं बाग गार होते."

रावसाहेबांना मात्र मुंबईहून चार सिंह मागवायचे होते. शेवटी ठरलं : इंदूरचे होणारे व्याही येतील, त्यांच्यासमोर धार पुरुषभर उठली तर काका राहतील, नाही उठली तर सिंह येतील आणि काका जातील.

सहा कहारांनी तीन दिवस घागरी वाहून गच्चीवरची टाकी भरली. चाचणीला धार अशी उठली की वरून जाणाऱ्या घारीला आंघोळ घडली. आणि व्याही यायच्या आदल्याच दिवशी ग्रहण! ग्रहणाचा विटाळ लागू नये म्हणून काकांनी लोणच्याच्या बरणीत, तुपाच्या भांड्यात, स्वतःच्या तांब्यात आठवणीनं दर्भाची काडी ठेवली. टाकीत ठेवायची राहिली. ग्रहण सुटल्यावर रावसाहेबांच्या मातोश्रींनी, आईसाहेबांनी, घरातलं साठवणीचं सगळं पाणी ओतायला लावलं. टाकीतलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी टाकीत डोकावलं, तेव्हाची ती आरोळी. व्याही चारला येणार होते. कहार, माळी, आचारी, मी, सगळे घागरी घेऊन जिना चढत सुटलो. माझ्या एकट्याच्या खांद्यावरून चंबळ गेली असेल. तरी साडेतीनला टाकीत पाणी घोट्याएवढंच.

"काका, एवढ्या पाण्यावर धार उठेल?" मी विचारलं.

"उठेल हो. टाकी उंच आहे ना, म्हणजे धार उंचच जाणार. पण टिकेल पाव घटका. चावी केव्हा सोडू, एवढं सांगा कुणीतरी!"

फाटकाशी बग्गी वाजली. रावसाहेब गरजले, "सोडा!"

"रावसाहेब, अजून उतरले नाहीत ते..."

"सोडा म्हणतो ना!"

काकांनी थाळीजवळची चावी फिरवली. धार सरळ उठली, पुरुषभर, जराही न हलता. मी हातातली घागर खाली ठेवायची विसरलो.

आणि व्याही शिरले दिवाणखान्यात! सरबत घेतलं. दुसरा पेला घेतला. मग गुडघेदुखीची हकीकत सुरू झाली.

"बंद करा चावी!" मी कुजबुजलो.

"बंद केली तर हवा धरेल. मग थेंब येणार नाही." काकांनी धारेला हात जोडले. "थांब गं बाई. थोडं थांब."

धार छातीवर आली. कमरेवर आली. व्याही बागेत आले तेव्हा वीतभर उरली होती. त्यांनी वाकून पाहिलं. "छान. मोगऱ्याला घालायला सोय झाली."

आठवड्यात काका ट्रंक घेऊन उज्जैनला निघाले. जाताना थाळीच्या काठाला कान लावून क्षणभर बसले. पुढे सिंह आले आणि चौघेही जन्मभर लाळ गाळत बसले. त्यांच्यापाशी बसलं की मला ती एकच धार दिसायची.

बऱ्याच दिवसांनी धीर करून मी आईसाहेबांना विचारलं, "ते पाणी कारंज्याचं आहे, हे आपल्याला ठाऊक नव्हतं का?"

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "दर्भ नव्हता."