दीड ताऱ्याचा किनारा

सागरी सर्वेक्षण कार्यालयात त्यांना सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत. हे नाव कौतुकाने पडलं की वैतागाने, यावर कार्यालयात दोन तट होते. ज्यांची कामं त्यांनी ‘पुन्हा करा’ म्हणून परत पाठवली होती, त्यांचा तट मोठा होता.

एकतीस वर्षं ते ड्राफ्ट्समन होते. होडीवरची माणसं समुद्राची खोली मोजत, तळाचे नमुने बाटल्यांत भरत आणि आकड्यांच्या वह्या पाठवत. त्या वह्यांवरून मिलिमीटर किनारे काढत. वाळू असेल तिथे ठिपके, खडक असेल तिथे फुल्या. हजारो मैल किनारा त्यांच्या हाताखालून गेला, पायाखालून मात्र एक मैलही नाही, कारण होडीत ड्रॉइंगचं टेबल मावत नसे.

निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी लेकीने आणि जावयाने चार दिवस बेटावर जायचं काढलं. ‘आईबाबांनाही नेऊ’ असं ठरलं. ते बेट मिलिमीटरांनी तेहतीस वर्षांपूर्वी आठ महिने खपून काढलेलं होतं, सतराच्या सतरा किनाऱ्यांसह. त्यामुळे किनारे कुठले बघायचे हे आपल्याला विचारलं जाईल, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

“वरचे चार घेऊ,” जावई जेवणाच्या टेबलावर मोबाइल सरकवत म्हणाला. “चौघांनाही साडेचारच्या वर तारे आहेत.”

“तारे कोण देतं?”

“लोक देतात, बाबा. जाऊन आलेले.”

“एका दुपारी गेलेले, डुंबलेले, अंग पुसून परत आलेले! ते किनाऱ्याला मार्क देणार? किनारा काय दहावीला बसलाय?”

“बाबा, चिडू नका,” लेक म्हणाली. भांडणं मिटवण्याचं खातं तिच्याकडे होतं. “चार माणसं, चार किनारे. प्रत्येकाने एक निवडायचा. कोणी कोणाला नावं ठेवायची नाहीत.”

लेकीने झाडांची सावली असलेला निवडला. तिच्या आईने स्वच्छ बाथरूम जवळ असलेला निवडला आणि कारण विचारायची कोणाची छाती झाली नाही. जावयाने यादीतला पहिला घेतला: पश्चिमेचा, हॉटेलापुढचा, चार पूर्णांक आठ तारे. मिलिमीटरांनी बोट थेट तळाला नेलं. सतरावा. दीड तारा.

जावयाने खालचा अभिप्राय वाचून दाखवला. “‘नुसते दगड. चप्पल तुटली. सूर्यास्तसुद्धा दिसला नाही.’”

“दिसेल कसा? पूर्वेकडे तोंड आहे त्याचं!” मिलिमीटर कडाडले. “आणि दगड कुठले? तांबूस, जाडसर वाळू आहे तिथे, शिंपल्यांचा चुरा मिसळलेली. तिची बाटली आठ महिने माझ्या टेबलावर होती.”

“अठ्ठावीस जणांनी दगड म्हटलंय, बाबा.”

“अठ्ठावीस जण चुकू शकतात. माझं ट्रेसिंग नाही.”

“खरंय,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “चाळीस वर्षांच्या संसारात यांचं काही चुकलेलं मला तरी आठवत नाही. चुकते ती मीच.”

सावलीचा आणि बाथरूमचा असे दोन किनारे बिनबोभाट पार पडले. चौथा दिवस विमानतळावरच जाणार हे उशिरा लक्षात आल्यामुळे उरलेले दोन तिसऱ्याच दिवशी उरकायचे ठरले. सकाळी जावयाचा, दुपारी सासऱ्यांचा.

हॉटेलापुढच्या किनाऱ्यावर पांढऱ्या छत्र्यांची रांग होती. मिलिमीटर कॅनव्हासचे बूट आणि मोजे घालून, निषेधाला शोभेल अशा चालीने वाळूतून मध्यावर गेले आणि थांबले.

“इथे वाळू नाही,” ते म्हणाले.

जावयाने आजूबाजूला पाहिलं. “बाबा, तुम्ही तिच्यातच उभे आहात.”

“या टोकापासून त्या टोकापर्यंत मी इथे फुल्या काढल्या आहेत. चारशे बारा.”

“मग भरतीने आणली असेल,” लेक घाईने म्हणाली.

मिलिमीटर वाकले. मूठभर वाळू उचलून त्यांनी उन्हात धरली. तांबूस, जाडसर, मध्येमध्ये शिंपल्यांचा चुरा. मग ती मूठ तशीच धरून ते उभे राहिले. इतका वेळ की पत्नीने विचारलं, “अहो, ऊन लागलं का?”

ऊन नव्हतं लागलं. त्यांच्या धंद्यात नकाशा एका कागदावर होत नसे. किनाऱ्याची रेषा एका पारदर्शक ट्रेसिंगवर, ठिपके आणि फुल्या दुसऱ्यावर, मग एकावर एक ठेवायचं. दुसरं ट्रेसिंग चुकून पालथं पडलं की पूर्वेची वाळू पश्चिमेला जाते आणि पश्चिमेचे खडक पूर्वेला. त्यांच्या एका सहकाऱ्याने असंच एका बंदराच्या तोंडात खडक पेरले होते. पुढची नऊ वर्षं त्याला नकाशांची नुसती शीर्षकं लिहायला दिली होती, आणि त्या नऊ वर्षांत त्याला सर्वांत जास्त हसले होते ते मिलिमीटरच.

गाडीत ते मांडीवर दोन तळवे एकावर एक ठेवत होते. वरचा पालथा करत, पुन्हा सुलटा करत. पश्चिमेला बाटलीतली वाळू असेल, तर पूर्वेला दगडच असणार. म्हणजे अठ्ठावीस जण बरोबर. म्हणजे तेहतीस वर्षं जहाजं एका पालथ्या कागदावर भरवसा ठेवून फिरत होती.

सतराव्या किनाऱ्यावर दगड होते. चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा, अगदी त्यांनी काढला तसा, आणि त्यावर एकही ठिपका नाही.

“होतं असं, बाबा,” शेवटी जावई म्हणाला. “जुनं काम. तेव्हा साधनं तरी कुठे होती?”

टोमणे मिलिमीटरांनी जन्मभर परतवले होते. ही दया कशी परतवायची ते त्यांना सुचेना.

उपड्या ठेवलेल्या होडीच्या सावलीत एक बाई जाळं विणत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, “वाळू बघायला आलात? सात वर्षं उशीर केलात.”

“म्हणजे होती?” मिलिमीटरांचा आवाज चिरकला.

“होती म्हणजे? आमच्या होड्या काय दगडावर ओढायचो? पलीकडे हॉटेल झालं. तिथे नुसते खडक, पाहुणा झोपणार कुठे? दोन उन्हाळे ट्रक लागले होते इथे. दिवसाला चाळीस. नवऱ्याने मोजलेत. आता होडी ओढली की तळ फाटतो.”

“तुम्ही तक्रार नाही केलीत?” लेकीने विचारलं.

“केली की. साहेब आले, मोठा कागद उलगडला. म्हणाले, सरकारी नकाशात इथे वाळूच दाखवलीय, मग गेली कशी म्हणता? या दगडांवर उभे राहून म्हणाले बरं का. बूट चांगले होते त्यांचे.”

ट्रेसिंग पालथं पडलं नव्हतं. ही बातमी मिलिमीटरांना हवी तेवढी सुखाची झाली नाही. अंगाचा तिळपापड झाला. आपली एकतीस वर्षांतली सर्वांत अचूक कामगिरी कोणीतरी काखोटीला मारून आणावी आणि जिची वाळू गेली तिलाच खोटं पाडायला वापरावी! चोराने घर लुटायचं आणि साक्षीला घराचंच जुनं चित्र आणायचं!

“जावईबापू, कागद आहे?”

“हॉटेलचं माहितीपत्रक आहे. मागची बाजू कोरी आहे.”

“फारच उत्तम.”

प्रत्येक सागरी नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असते: नकाशा आणि वस्तुस्थिती यांत फरक आढळल्यास कोणीही कार्यालयास कळवावे. ती ओळ मिलिमीटरांनी शेकडो वेळा लिहिली होती. एकतीस वर्षांत कोणीही काहीही कळवलं नव्हतं.

जाळंवालीने शिशाचं वजन बांधलेली दोरी दिली. लेक पावलं मोजत या टोकापासून त्या टोकाला गेली. पत्नी आकडे लिहून घेऊ लागल्या आणि पहिल्यांदाच नवऱ्याला म्हणाल्या, “सावकाश सांगा, चूक व्हायला नको.” जावई कमरेइतक्या पाण्यात दोरी धरून उभा होता.

“साडेतीन फूट, बाबा!”

“साडेतीन म्हणजे नक्की किती?”

“आता पाण्यात मिलिमीटर कुठून आणू?” जावई ओरडला. मग वाकून पुन्हा मोजलं. “तीन फूट पाच इंच.”

संध्याकाळी चौघे होडीला टेकून बसले असताना मिलिमीटरांनी कागद पुरा केला. चंद्रकोर, तिच्यावर फुल्या. शेजारी, पूर्वी: वाळू. आता: दगड. कारण: वाळू चोरून पश्चिम किनाऱ्यावर नेली. ट्रक रोज चाळीस, दोन उन्हाळे. साक्षीदार हजर.

जावयाने खांद्यावरून वाचलं. “बाबा, सरकारी कागदात ‘चोरून’ चालेल?”

“मोजलंय आपण,” मिलिमीटर म्हणाले.

मग त्यांनी कॅनव्हासचे बूट काढले, दगडांवर उपडे केले आणि टाचेवर चापट्या मारून सकाळची वाळू शेवटच्या कणापर्यंत झटकली. मोजेही झटकले. पेन पुन्हा उघडलं. नोंद अर्धवट राहिलेली त्यांना कधीच खपत नसे.

‘पैकी,’ त्यांनी खाली लिहिलं, ‘अंदाजे दोन बूट वाळू आज परत आली. उरलेली येणे आहे.’