आधी हात काढा

"आधी हात काढा," वहिनी म्हणायच्या.

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते अमेरिकेतल्या ॲरिझोनात, चँडलरजवळच्या एका मैदानात, शनिवारी सकाळी. मी माझा जुना राइस कुकर विकायला उभा होतो आणि माझा हात त्याच्या झाकणावर होता. एक बाई दोनदा जवळ आली, कुकरकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं आणि पुढे गेली. "भाऊजी, तुम्ही कुकर विकून राहिले की राखून राहिले? आधी हात काढा," वहिनींनी मागून विचारलं. मी हात खिशात घातला. ती बाई परत आली आणि कुकर घेऊन गेली.

तुम्ही कधी घरातलं सामान विकायला उभे राहिला असाल, तर तुमचा हात कुठे होता ते जरा आठवून बघा. मी तेव्हापासून लोकांचे हातच बघत आलो आहे.

वहिनी म्हणजे ऑफिसातल्या माझ्या एका सीनियरची बायको, मूळच्या नागपूरच्या. आमच्या अपार्टमेंटमधल्या सगळ्या मराठी मंडळींच्या त्या वहिनी आणि मुलांच्या मावशी. त्यांचं नाव मला बरेच दिवस माहीतच नव्हतं, आणि कळल्यावरही त्याचा काही उपयोग नव्हता. दोन हजार एक-दोनचा तो काळ. डॉटकॉम बुडालं होतं, चिप बनवणाऱ्या कंपन्याही माणसं कमी करत होत्या, आणि व्हिसावर आलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याला चार दिवसांत घर आवरून भारताचं विमान पकडावं लागायचं. आमच्या अपार्टमेंटला गॅरेज नव्हतं, दारात सामान मांडायला मॅनेजर बाई परवानगी देत नसत. मग उरायचं ते जुन्या ड्राइव्ह-इन थिएटरचं मैदान. तिथे दर शनिवारी स्वॅप मीट, म्हणजे जुन्या सामानाचा बाजार, भरायची. थोडं भाडं द्यायचं, गाडी लावायची, डिकी उघडायची आणि असेल ते विकायचं.

निघालेल्या प्रत्येक घराचं सामान वहिनींच्या डिकीतून विकलं जायचं. गाडी लाल रंगाची, छोटी, बरीच म्हातारी. डिकीचं कुलूप बिघडलेलं होतं. कितीही आपटलं तरी ती लागत नसे. वहिनी डाव्या बाजूने कमरेचा एक धक्का द्यायच्या आणि ती मुकाट्याने बंद व्हायची. आम्ही बाकीच्यांनी खूप प्रयत्न केले. माझी कंबर दुखली, डिकी उघडीच राहिली.

त्यांचे नियम ठरलेले होते; मला ते कुकर विकल्यानंतर कळले. पहिला नियम, आपलं सामान आपण विकायचं नाही. कुलकर्ण्यांचं सामान देशमुख विकणार आणि देशमुखांचं कुलकर्णी. मालकाला त्या काहीतरी कामाला पिटाळायच्या. "तुम्ही बर्फ घेऊन या." "बर्फ आहे की, वहिनी." "आणखी आणा." मालक तिथे उभा राहिला की तो वस्तूची कहाणी सांगत बसतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्यातला एक जण मिक्सर विकताना गिऱ्हाइकाला तो लग्नात कोणत्या मामांनी दिला हे इंग्रजीत समजावत होता. त्या बिचाऱ्या माणसाने मामांबद्दल दुःख व्यक्त केलं आणि मिक्सर न घेताच गेला.

दुसरं म्हणजे प्लॅस्टिक. आपण लोक टीव्हीच्या रिमोटला, सोफ्याला, कधी कधी टेबललाही आणल्या दिवसापासूनचं प्लॅस्टिक तसंच ठेवतो. वहिनी आदल्या दिवशी घरोघर जाऊन ते टराटरा काढायच्या. बायका कळवळायच्या. "अगं, नवंकोरं ठेवलंय!" "म्हणूनच गिऱ्हाइकांना वाटतं, काहीतरी भानगड आहे बाप्पा." मात्र खोकी त्या जपून आणायला लावायच्या. आपण सगळेच वस्तूंची मूळ खोकी कपाटात वर रचून ठेवतो, परत जाताना लागतील म्हणून. त्या सवयीचं त्यांनी भांडवल केलं. खोक्यातला टोस्टर पटकन जायचा.

मग ऊन. नऊ वाजले की डांबर तापायचं, आणि उन्हातल्या स्टीलच्या डब्याला हात लावणारं गिऱ्हाईक पुन्हा फिरकायचं नाही. स्टील सावलीत, काच सावलीत, पुस्तकं खुशाल उन्हात. "पुस्तकाला तसंही कोण हात लावून राहिलं," असं त्या माझ्या पुस्तकांच्या ढिगाकडे बघून म्हणाल्या.

विक्रीत त्यांना इंग्रजी फारसं लागत नसे. इडलीपात्र कानातल्यांचा स्टँड म्हणून एका तरुणीने घेतलं, वहिनींनी तिला तसंच घेऊ दिलं. पोळपाट-लाटणं तर घरी पोळीसारखे टॉर्टिया लाटणाऱ्या एका मेक्सिकन आजींनी लांबूनच ओळखलं. दोघींनी हवेतच पीठ मळून, लाटून, भाजून दाखवलं, खूप हसल्या, आणि शेवटी लाटणं कशाचं आहे यावर आपापल्या भाषेत चर्चाही केली. मी मध्ये पडलो असतो तर सौदा मोडला असता.

मला राहून राहून नवल वाटायचं, की ही बाई हे सगळं करते कशासाठी? एक डॉलर त्या घेत नसत. नवऱ्यामागे आलेल्या बायकोला मिळतो त्या डिपेंडंट व्हिसावर त्यांना कमवायची परवानगी नव्हती, आणि नियमाला त्या फार घाबरायच्या. कुणी आग्रहाने काही द्यायला लागलं तर "गाडीत पेट्रोल भरा" एवढंच म्हणायच्या. मला आधी वाटलं, विकायची हौस. मग वाटलं, समाजसेवा. शेवटी एकदा परत येताना मी सरळ विचारून टाकलं.

त्यांनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, लेन बदलली आणि मग बोलल्या. "भाऊजी, घराचा करार यांच्या नावावर. फोन यांच्या नावावर. बँकेत मी सही करते, पण खातं यांचं. माझ्या नावावर या देशात एवढी एकच गोष्ट आहे." त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "नागपूरला मी सायकलच्या पुढे गेले नव्हते. इथे दोनदा टेस्टमध्ये फेल झाले, तिसऱ्यांदा पास. शनिवारी लोकांना माझं काम असतं म्हणून कुणी विचारत नाही, की कुठे चालली, किती वाजता येशील. गाडी काढायची नि निघायचं."

मी खिडकीबाहेरचे निवडुंग बघत बसलो.

पुढच्या वर्षी वहिनींच्या यजमानांची नोकरी गेली. पुण्यात त्यांना लगेच काम मिळालं, त्यामुळे रडारड झाली नाही. घरातलं सगळं दोन शनिवारांत गेलं. मग लाल गाडीची पाळी आली. त्या माझ्याकडे आल्या, किल्ली हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "आपलं आपण विकायचं नाही. तुम्ही विका."

आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो. लाल गाडी धुऊन पुसून उभी केली, काचेवर पाटी लावली. वहिनींना मी म्हटलं, "तुम्ही बर्फ घेऊन या." त्या निमूट गेल्या. माझ्या गाडीत बर्फाची पेटी काठोकाठ भरलेली होती, हे त्यांनाही दिसत होतं.

हॅट घातलेला एक उंच माणूस आला. बरोबर त्याची मुलगी, कॉलेजला जाणारी. त्याने टायर बघितले, इंजिन बघितलं, खाली वाकून बघितलं. किंमत जवळपास ठरली. मुलीने डिकी उघडली आणि लावायला गेली. लागेना. पुन्हा आपटली. बापाच्या कपाळावर आठी आली. आता हा जाणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, मला बरंही वाटलं.

तेवढ्यात वहिनी परत आल्या, हात रिकामेच. त्यांनी येऊन डिकीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. माणूस त्यांच्याकडे बघत होता, मुलगी बघत होती. उन्हाने पत्रा तापला होता, त्यांना चटका बसत असणार.

"वहिनी," मी हळूच म्हटलं, "हात काढा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचा. "थांबा हो. एक काम राहिलं." त्यांनी मुलीला जवळ ओढलं, डाव्या बाजूला उभं केलं आणि आपल्या इंग्रजीत सांगितलं, "यू, हिअर. नॉट हँड. धिस." आणि स्वतःची कंबर दाखवली. पहिल्या वेळेला जमलं नाही, दुसऱ्या वेळेलाही नाही. तिसऱ्या वेळेला डिकी खट्कन लागली. मुलगी टाळ्या वाजवत हसली, बाप हसला. वहिनी बाजूला झाल्या. येताना माझ्या गाडीत त्या शेजारी बसल्या, आणि मी ब्रेक दाबला की त्यांचाही पाय दाबला जात होता.

त्या गेल्यावर शनिवार ओस पडले. मैदानावर आमच्यातले काही जण जात, पण मालक स्वतःच उभे राहत, हात झाकणावर ठेवून, आणि सामान परत घेऊन येत. मी मात्र रस्त्यात लाल गाडी दिसली की मान वळवायचो. आणि पुढच्या हिवाळ्यात एका ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये ती खरंच दिसली. त्याच मुलीने काही पिशव्या डिकीत ठेवल्या, बाकीच्यांनी दोन्ही हात भरलेले होते म्हणून की सवयीने, कोण जाणे, पण ती वळली आणि तिने डिकीला कमरेने धक्का दिला.

घरी येऊन मी कॉलिंग कार्ड काढलं आणि पुण्याला फोन लावला. वहिनी म्हणाल्या, इथे गाडी कंपनीची आहे, तिला ड्रायव्हर आहे, त्या मागे बसतात. मग मी पार्किंगमधलं सांगितलं.

"डाव्या बाजूने मारला ना तिने?" वहिनींनी विचारलं.

"डाव्याच."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या.