जिजींचा एक पाय

माणसाला न पडण्याचे धडे देताना मी एका सरकारी कारकुनाचा पाय मोडलेला आहे. कारकून कुणी परका नव्हता. माझे सासरेच होते.

लग्न होऊन मी दादरहून ठाकूरद्वारच्या चाळीत आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. दिवसाआड कुठला ना कुठला मोर्चा आमच्या गॅलरीखालून घोषणा देत जायचा. घरात आम्ही चौघं. मी, आमचे हे, मामंजी म्हणजे माझे सासरे, आणि मामंजींची आई, जिजी. (सासूबाई मी येण्याआधीच वारल्या होत्या. वेळेवर सुटल्या, असं ही हकीकत ऐकल्यावर बरेच जण म्हणाले.)

एकदा जिजी मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. लागलं फारसं नाही, कोपर तेवढं सोलवटलं. पण मामंजी हादरले. त्यांचा स्वभावच सरकारी. घरात भेंडी आणायची की दोडकी, हेसुद्धा हुकूम निघाल्यासारखं ठरायचं. संध्याकाळी कचेरीतून आले, कोट खुंटीला अडकवला आणि उभ्याउभ्या म्हणाले, "यापुढे या घरात जो कोणी पडेल, त्याची रवानगी गावी, राजापूरला. तिथे सपाट अंगण आहे, बघायला वहिनी आहेत. विषय संपला."

जिजींच्या तोंडचं पाणी पळालं. मी तरी राजापूरला अजून गेले नव्हते, त्या जाऊन आल्या होत्या!

"काय आहे गो तिथे?" मामंजी हात-पाय धुवायला गेल्यावर त्या कुजबुजल्या. "दिवेलागणीला जेवतात नि निजतात. रस्त्यावर माणूस नाही, मोर्चा नाही, भांडण नाही. मी तिथे जिवंतपणी जाऊन काय करू? सुमे, मला पडू देऊ नकोस."

आता यावर शहाण्या मुलीने जिजींना हात दिला असता आणि मोरीपुढची फरशी कोरडी ठेवली असती. मीही ठेवली. पण तेवढ्यावर भागलं तर मी कसली? मला शाळेत कवायतीची ढाल मिळाली होती, आणि ढाल मिळालेल्या मुलीला वाटतं की जगाचा तोल आपणच सांभाळतोय.

मामंजी नि हे कामावर गेले की आमचा वर्ग सुरू व्हायचा. आधी हात न टेकता खुर्चीतून उठायचं. मग गॅलरीतल्या दोन फळ्यांमधल्या फटीवरून, एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत, सरळ चालायचं. शेवटी कठडा धरून एका पायावर उभं राहायचं. पहिल्या दिवशी जिजी गलबतासारख्या हलल्या. पण बाई मोठी जिद्दीची. महिनाभरात कठड्याला नुसतं बोट लावून, एक पाय उचलून, खालच्या भाजीवाल्याशी भाव करायला लागल्या.

आणि इथेच घात झाला.

एका सकाळी जिजी अशाच एका पायावर उभ्या होत्या. खालून मोर्चा चालला होता. "संयुक्त महाराष्ट्र..." असं खालून आलं, आणि जिजींनी, पाय तसाच वर ठेवून, मूठ उगारून उत्तर दिलं, "झालाच पाहिजे!"

शेजारच्या साळवीकाकू तेवढ्यात पापड वाळत घालायला बाहेर आल्या होत्या. पापडांची परात त्यांच्या हातात तशीच राहिली.

"सुमन," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "रोज उभ्या असतात का गं अशा?"

"रोज," मी म्हटलं. खोटं काय होतं त्यात?

"एका पायावर?"

"एकाच. दोन्हीवर उभं राहून काय फायदा, काकू?"

काकूंनी परात खाली ठेवली आणि जिजींना वाकून नमस्कार केला. दुपारपर्यंत चाळभर झालं होतं, की महाराष्ट्र होईपर्यंत पाय खाली टेकणार नाही, असा जिजींनी संकल्प सोडला आहे!

मी घाबरून जिजींना म्हटलं, "मी सांगून येते, की हा नुसता व्यायाम आहे म्हणून."

"खबरदार," जिजी म्हणाल्या. "व्यायाम म्हटलंस की विचारतील, कशासाठी. तोल जातो म्हणून, असं कळलं की तुझ्या सासऱ्याच्या, बाबूच्या कानावर जाणार. आणि मग राजापूर. तू हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. नुसती हस."

मी हसले. आठवडाभर हसले. लोक दर्शनाला यायला लागले तेव्हा तर रडू येईपर्यंत हसले. आधी आमच्या मजल्यावरचे आले, मग समोरच्या वाडीतले, मग थेट नायगावहून पोलीस क्वार्टर्समधल्या दोन बायका. (त्यांना बघून मला घाम फुटला. त्या ओटी भरायला आल्या होत्या.) कुणी झेंडूची फुलं वाहिली, कुणी जिजींच्या वर उचललेल्या पावलाला हळद लावली. दुसऱ्या पावलाला कुणी हात लावेना, ते तपश्चर्येत होतं.

"अहो, पण त्या जेवतात कशा?" एकीने मला हळूच विचारलं.

"जेवतात," मी म्हटलं.

"आणि झोपतात?"

मी हसले.

जिजी मात्र खुलल्या होत्या. गर्दी जरा पातळ झाली की पाय बदलायच्या आणि मला म्हणायच्या, "उजवा दमला. पण सुमे, काय उपयोगी आहे गो तुझी ही कवायत!"

मामंजींना यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. ते घरी यायच्या आत मी फुलं गोळा करायची, जिजी खुर्चीत बसून जपमाळ ओढायच्या. आणि त्यांना कळणं म्हणजे नुसतं राजापूर नव्हे. सरकारी नोकराच्या घरात, सरकारला नको असलेल्या राज्यासाठी, खुद्द त्याची आई एका पायावर! साहेबाला पत्ता लागला असता तर मामंजींची नोकरीही एका पायावर आली असती.

तो शनिवार होता. कचेरी अर्धा दिवस असते, हे माझ्या ढालविजेत्या डोक्यातून साफ गेलं.

त्या दिवशी साळवीकाकूंनी पापडांची परात कठड्याशी ठेवून नारळ आणला होता. नवसाचा. तो त्यांनी आमच्याच दारात फोडला आणि पाणी सगळ्या फळ्यांवर सांडलं. त्यावर झेंडूच्या पाकळ्या. मी फडकं आणायला आत वळणार, तोच जिन्यात मामंजींचा आवाज आला. "कसली रांग आहे ही? रॉकेल आलंय का?"

कुणीतरी भक्तिभावाने सांगितलं, "तुमच्या मातोश्री!"

मामंजी वर आले. गॅलरीच्या टोकाला त्यांची आई, गळ्यात हार, पावलाला हळद, एका पायावर. ते जागच्या जागी थिजले. चेहरा कचेरीतल्या कोऱ्या कागदासारखा पांढरा.

"आई," ते कसेबसे म्हणाले, "पाय खाली."

"अहो, खाली कसा?" काकू कळवळल्या. "राज्य झालंय का अजून?"

मला वाटलं, आता समजावून सांगितलंच पाहिजे. मी धावले. "मामंजी, तसं नाहीये ते, तोल सांभाळायला..." एवढंच बोलले आणि माझा पाय नारळाच्या पाण्यावर पडला. मी मामंजींचा कोट धरला. मामंजींनी काकूंचा पदर धरला. काकूंनी पापडांची परात धरली. आणि आम्ही तिघं, परातीसकट, ढाणकन आडवे झालो!

गोंधळ निवला तेव्हा सबंध गॅलरीत आमच्यापैकी एकच माणूस उभं होतं. एका पायावर.

मामंजींच्या घोट्याचं हाड मोडलं होतं. माझं मनगट. काकूंना काही झालं नाही, त्या पापडांवर पडल्या होत्या. संध्याकाळी प्लास्टर घालून मामंजी खाटेवर पडले होते. जिजी कठडा-बिठडा काही न धरता सरळ चालत आल्या आणि त्यांच्या उशाशी उभ्या राहिल्या. या वेळी दोन्ही पायांवर.

"बाबू," त्या म्हणाल्या, "या घरात जो कोणी पडेल त्याचं काय करायचं ठरलंय?"

मामंजींनी डोळे मिटले. पण माणूस सरकारी, स्वतःचा हुकूम मोडणार कसा? आणि पडलेले आम्ही दोघं होतो. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी सासऱ्यांना घेऊन राजापूरला गेले. (जिजी म्हणाल्या होत्या ते खरं होतं. दिवेलागणीला निजतात.)

जिजी मुंबईतच राहिल्या. महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीने पेढे वाटले आणि पहिला पेढा त्यांना दिला, पाय खाली ठेवायला हरकत नाही म्हणून. त्या नंतर कधी पडल्या नाहीत.

आता माझी नात मला व्यायाम शिकवते. तेच. खुर्चीतून उठणं, टाचेला अंगठा, एक पाय वर. मी ओट्याला लटकून उभी असते. परवा ती म्हणाली, "आजी, मला आधी सांग, तू यापूर्वी कधी पडली आहेस?"

"एकदाच," मी म्हटलं. "हेच शिकवत होते."