तिसरी चिठ्ठी

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात अण्णा खिडकीकडे तोंड करून पडला होता. मी मोसंबी सोलत होते. तो एकदम म्हणाला, "शांते, ती तिसरी चिठ्ठी तुझ्यापशी हाय न्हवं?"

"कंची चिठ्ठी?"

"नाटकातली. तांब्यातली."

"ती व्हय... कवाच हरवली. कामून इचारायलास?"

"उगंच," तो म्हणाला आणि मोसंबीची फोड हातात तशीच धरून राहिला. आठव्या दिवशी शाळेच्या शिपायाने माझ्या वर्गात येऊन तो गेल्याचा निरोप दिला. त्याला आता दीड महिना झाला. मी खोटं बोलले होते. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, निर्णा या आमच्या गावच्या शाळेतला मास्तर. आमच्या वस्तीतून गुलबर्ग्याच्या कॉलेजात गेलेला तो पहिलाच. तिथल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी त्याच्या डोक्यात चारशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज नाटककार भरला, तो कायमचा. त्याची नाटकं जपानात करतात, आफ्रिकेत करतात, बंगालात तर त्याला घरचाच समजतात, असं तो जेवताना सांगत सुटायचा. आई म्हणायची, "आदी भाकर खा." पण अण्णाचं एकच टुमणं... समद्या दुनियेत गेला, मग निर्ण्याला कामून आला न्हाई? शेवटी त्याने स्वतःच त्याला आणायचं ठरवलं. तेव्हा म्हैसूर राज्याचं नाव अजून कर्नाटक झालं नव्हतं आणि मी नुकतीच मॅट्रिक झाले होते.

त्याने निवडलं ते म्हाताऱ्या राजाचं नाटक. राजा तीन मुलींना राज्य वाटायला बसतो. थोरल्या दोघी गोडगोड बोलून वाटा घेतात, धाकटीला तसं बोलता येत नाही म्हणून तिला घराबाहेर काढतो. अण्णाने ते आमच्या बोलीत लिहिलं, दरबाऱ्यांना कानडी दिली, विदूषकाला दखनी. राजा तो स्वतः, थोरल्या दोघी म्हणजे मिशा काढलेले दोन मास्तर, आणि धाकटी मी. मुलगी नाटकात उभी राहणार म्हणून बापूंनी, आमच्या वडिलांनी, आठ दिवस अबोला धरला. अण्णाने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण नवव्या दिवसापासून तालमीला सगळ्यांत पुढे तेच बसू लागले.

जयंतीच्या दिवशी, ऊन उतरल्यावर, विहारापुढच्या मैदानात नाटक लागलं. एरवी आमच्या वस्तीत पाण्यालाही न थांबणारे गावातले लोक आले होते. धनगरांचे मल्लप्पा काका खांद्यावर घोंगडं टाकून आले. राजाने थोरलीचं गोड बोलणं ऐकून तिला वाटा दिला, मधल्या लेकीकडे तोंड वळवलं, तोच मल्लप्पा काका उभे राहिले.

"थांब मास्तर. वाटणी अशी असती व्हय? कोन ग्वाड बोलायलंय ते बघून? पंच कुठं हायत? चिठ्ठ्या कुठं हायत?"

लोक हसतील असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. आमच्याकडे रानाचे वाटे पाडले की चिठ्ठ्या तांब्यात टाकतात आणि सगळ्यांत धाकट्याने आधी हात घालायचा. राजा असला म्हणून काय झालं, डोळ्यांदेखत चाललेली चुकीची वाटणी कुणाला बघवेना. दोन म्हातारे तर उठून पंच म्हणून राजाशेजारी मांडी घालून बसलेसुद्धा.

दुसऱ्या कुणी चिडून पडदा पाडला असता. अण्णाने घरातून पितळी तांब्या मागवला आणि वहीचं पान फाडून तीन चिठ्ठ्या केल्या. ऐनवेळी राज्यांची नावं सुचेनात, म्हणून आमच्याच रानांची लिहिली. माळाचं, वढ्याकडचं, विहिरीचं. मी हात घातला आणि विहिरीचं रान निघालं. मागून म्हातारे रहीमचाचा म्हणाले, "ये किस्सा मैं बीदर में देखा था, तंबू में, उर्दू में. उसमें छोटी कू कुछ नईं मिल्या."

"हितं मिळालं," मल्लप्पा काका म्हणाले आणि खाली बसले.

पुढे नाटकाचा बोऱ्या वाजला. धाकटीला वाटा मिळाल्यावर राजाने रानोमाळ भटकायचं तरी कशाला? अण्णाने कसंबसं आवरतं घेतलं, पण तो भलताच खूश होता. "निर्ण्यानं त्याला दुरुस्त केलं," हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. माझी चिठ्ठी मी पोलक्यात खोचली होती, ती तशीच ट्रंकेत ठेवली.

बापू गेल्यानंतर अण्णाने मला आणि निंबर्ग्याला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, हुमनाबादला नेलं, हक्कसोडपत्रावर सह्या करायला. सगळ्याच बहिणी करतात. रान भावाच्या नावावर जातं, बहिणीला माहेर राहतं, हे न बोलताच ठरलेलं असतं. अक्का कारकुनासमोर म्हणाली, "आमचा अण्णा द्येवमानूस हाय," आणि तिने अंगठा दिला. मला तसं काही बोलता आलं नाही. मी सही केली. परतताना अण्णाने भजी घेऊन दिली आणि बसमध्ये नव्या नाटकाबद्दल बोलत राहिला. त्याच्या ध्यानीमनीही काही नव्हतं. साता समुद्रापलीकडच्या राजाची चूक ज्याला पाठ, त्याला शेजारी बसलेली बहीण दिसू नये, याचा मला तेव्हा राग आला आणि आजही येतो. पण माझं शिक्षण, माझी नोकरी, माझं चारचौघांत उभं राहणं, सगळं त्याच्यामुळेच. त्याच्यावर धड रागावताही आलं नाही. दरवर्षी विहिरीच्या रानातल्या तुरीची डाळ तो घरी आणून द्यायचा. मी ती शिजवून त्यालाच वाढायची, आणि तो माझ्या मुलांना तांब्याची गोष्ट सांगायचा. मुलं हसायची. मी भाजी घ्यायला उठायची.

परवा इथल्या कॉलेजात त्याच इंग्रज नाटककारावर व्याख्यान होतं, त्याने जगाला काय काय दिलं यावर. वक्त्यांनी बरेच देश घेतले. मी मधेच उठून आले. निर्णा त्यात येणार नव्हतं, आणि आलं असतं तरी मला ते ऐकवलं नसतं.

त्याआधी, अण्णा गेल्यावर पंधरा दिवसांनी, वहिनी आली होती, पिशवीत तो तांब्या घेऊन. "ह्यांनी दवाखान्यात जायच्या आदी फळीवरनं काडून ठिवला हुता," ती म्हणाली. "तलाठ्याकडं बी दोनदा जाऊन आलते. कशाला, ते मला बोलले न्हाईत, शांताबाई." तांब्यात दोन चिठ्ठ्या होत्या, माळाची आणि वढ्याकडची, इतक्या वर्षांनी पिवळ्या पडलेल्या.

त्याला तिसरी कशाला हवी होती? नुसती जुन्या नाटकाची आठवण म्हणून, की बसमध्ये शेजारी बसलेली बहीण त्याला उशिरा का होईना दिसली होती? मी "हाय" म्हणाले असते तर तो पुढे बोलला असता. मी त्याचं तोंड बंद केलं, एवढ्या वर्षांचा राग एका शब्दात काढून... आणि तो मोसंबीची फोड धरून बसला.

तांब्या आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. दर रविवारी मी दोन्ही चिठ्ठ्या बाहेर काढते, तांब्या चिंचेने घासते, पुसून कोरडा करते आणि चिठ्ठ्या पुन्हा आत ठेवते. "हरवली न्हाई रे अण्णा, हाय माझ्यापशी," असं म्हणते. तिसरी मात्र अजून ट्रंकेतच आहे. ती आत टाकली की वाटणी झाली असं होईल, आणि आमची वाटणी अजून झालेली नाही.